माईक चालू असलेला खेळ

झेंडूच्या ढिगाचा उग्र वास आला की नाशिकजवळच्या एका मळ्यातल्या घरातली दुपार आठवते. मी गेमची परीक्षणं लिहायचो, म्हणून दसऱ्याच्या आदल्या दिवशी मैत्रिणीने तिथे स्वतः बनवलेला व्हिडिओ गेम मला तपासायला दिला होता, आणि संध्याकाळपर्यंत तिला तो स्पर्धेला पाठवायचा होता. गेममधल्या आंधळ्या प्राण्याला लॅपटॉपच्या माईकमधून आपल्या खोलीतला खरा आवाज ऐकू यायचा आणि अंधाऱ्या कांदाचाळीत लपलेली मुलगी त्याला सापडायची. मी खेळायला बसलो. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली, त्याने तिचा जबडा उपटला. पुन्हा सुरू केला तर मिक्सर लागला, त्याने तिला खांबावर आपटून पाठ मोडली. “भीती खरी वाटते,” मी म्हणालो, “पण भरल्या घरात हा खेळताच येणार नाही. माईक काढ.” तिचा चेहरा उतरला. शेजारी हार ओवणाऱ्या तिच्या आईने उठून गॅस बंद केला, वडिलांनी फुलांची क्रेट अलगद टेकवली, मी खेळ परत लावला आणि सगळे श्वास रोखून बघू लागले. मुलगी शेवटच्या दाराशी पोहोचली. प्राणी तिच्या मागे दिसताच वडील ओरडले, “अगं पोरी, मागं हाय ते, पळ!” त्याने झेप घेऊन तिचा गळा फाडला. पडदा लाल झाला. “मीच मारलं राव तिला,” वडील म्हणाले. “मग काढू माईक?” मैत्रिणीने मला विचारलं. “काढू नको,” उत्तर वडिलांनी दिलं, “परत लाव. आता मी तोंड उघडत नाय.” माईक राहिला. गेमची परीक्षणं मी आजही लिहितो. खेळताना घरच्यांना शेजारी बसवतो.