वादळात वरच्या मजल्यावर

दुबईत मी ज्या वास्तुविशारदांकडे नकाशे काढायचो, त्यांनी या शहराला नवं क्षितिज दिलं, असं सगळे म्हणत. एका दुपारी वाळूचं वादळ आलं आणि ऑफिससमोरचा त्यांचा साठमजली मनोरा दिसेनासा झाला. सर खिडकीपाशी अस्वस्थ उभे होते.

"सर, सगळी गणितं तपासली आहेत," मी म्हणालो.

"गणितं बरोबर आहेत. पण वर माणसं राहतात," असं म्हणून ते निघालेच. मीही मागोमाग गेलो.

सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या एका अनोळखी म्हातारीकडे, वादळ ओसरेपर्यंत, ते नुसते बसून राहिले. कपातला चहा किंचित डुलत होता.

आता कुठलीही उंच इमारत पाहिली की वाटतं, हिच्यासाठी कुणी असं घाबरलं असेल ना?