चौथा बाण

ऑफिसात तिला सगळे तराजूबाई म्हणत. कंपनीचा मोबाइलवरचा लढाईचा खेळ होता आणि त्यातली तलवार किती लागावी, बाण किती लागावा, हे आकडे ती ठरवी. हौशी लोकांना चार घटका मजा यावी आणि स्पर्धेत उतरणाऱ्यांना एकाच शस्त्रावर जिंकता येऊ नये, अशी दुहेरी कसरत. स्वतः ती एकदाही खेळली नव्हती. तिचं जग तक्त्यातलं.

मंगळवारी दहाला नवी आवृत्ती गेली. सोबत सूचना: धनुष्य कमजोर केलं आहे, समोरचा आता चौथ्या नव्हे, पाचव्या बाणाला पडेल. हौशींनी लगेच बोंब ठोकली. "धनुष्याची पार वाट लावली!" "त्यापेक्षा गलोल द्या!"

अकराला तिच्या लक्षात आलं. आकडा तिने तक्त्यात बदलला होता, खेळात चढवायचा राहून गेला होता. धनुष्य होतं तसंच होतं! तिने साहेबांना सांगितलं आणि शेजारच्या टेबलावरच्या भाचीला.

"शुक्रवारी दुरुस्त करू. तोवर तोंड उघडायचं नाही," साहेब म्हणाले.

संध्याकाळच्या सामन्यांत सगळ्या संघांनी धनुष्य टाकलं. एका संघाने मात्र तेच घेतलं आणि बाकीच्यांना लोळवलं. भाची नोकरीआधी दोन वर्षं त्याच संघात होती.

"माहीत तिघांनाच होतं," बुधवारी साहेब म्हणाले. "मी नाही, तुम्ही नाही. उरलं कोण, बाई? बाराच्या आत नाव लिहून द्या. आजच घरी पाठवतो."

भाचीला तिनेच शब्द टाकून इथे लावलं होतं. आता तिला सगळंच आठवू लागलं. काल भाची फोन घेऊन जिन्यात गेली होती. मग हसत आली होती. आपण जवळ गेलो की ती फोन पालथा का घालते? भाची पाणी प्यायला उठली तशी तराजूबाईने तिचा खण उघडला. कंगवा, चार्जर, डोकेदुखीच्या गोळ्या.

"काही सापडलं का, मावशी?"

भाची मागेच उभी होती.

"त्या लोकांना कोणी सांगितलं?" तराजूबाईचा आवाज चढला.

"कोणी कशाला सांगायला हवं? अगं, ते सूचना वाचतच नाहीत. नवी आवृत्ती आली की आधी सरावाच्या मैदानातल्या लाकडी बाहुल्यावर बाण मोजतात. मीही मोजायचे. सहा वर्षं आकडे लावतेस, तुला एवढं माहीत नाही?"

तराजूबाईने मैदानाची नोंद काढली. मंगळवार, दहा वाजून बारा मिनिटं. त्याच संघाचा कप्तान, चार बाण, बाहुला आडवा. तिला स्वतःला चूक कळायच्या अठ्ठेचाळीस मिनिटं आधी.

पावणेबाराला तिने साहेबांपुढे कागद ठेवला. त्यावर ती नोंद होती आणि खाली एकच नाव, तिचं स्वतःचं.

साहेबांनी कागद उलटून मागची बाजूही पाहिली. "भाची आहे म्हणून नाही ना, बाई?"

"नाही," ती म्हणाली. तो प्रश्न तिला फार झोंबला. सकाळभर तिनेही भाचीकडे असंच उलटून पाहिलं होतं.

नोकऱ्या दोघींच्याही राहिल्या. गुरुवारी ती आली तेव्हा भाची नेहमीसारखी हसली, "ये मावशी," म्हणाली. तिच्या खणाला पितळेचं नवं कुलूप होतं.