बियाण्यासारखी जपलेली माती

डबा उघडला तर दहापैकी आठ हुमण्या मेलेल्या. मी पुन्हा मोजल्या. आठच.

हुमणी म्हणजे जमिनीत राहून मुळं खाणारी लठ्ठ पांढरी अळी. अकोटजवळच्या तुळशीराम माळ्याची अर्धी वांगी तिनं संपवली होती. उरलेल्या अर्ध्यावर त्याचं घर चालायचं होतं. विहिरीजवळच्या कोपऱ्यातली झाडं मात्र टवटवीत होती. तिथली माती डब्यात भरून मी जिवंत हुमण्या सोडल्या होत्या. मेलेली अळी फोडून भिंगाखाली धरली, तर आत धाग्यासारखे बारीक किडे वळवळत होते.

मी शेतकी खात्यात नवा असिस्टंट. अकोल्याच्या ऑफिसात सुपरिंटेंडेंटसाहेबांपुढे डबा ठेवला.

"अळी आधी मेली, मग किडे पडले," ते म्हणाले.

"मग कुजल्याचा वास का नाही, सर?"

त्यांनी डबा हुंगला. "पंधरा दिवस देतो. नाहीतर सोमल टाकायचा."

खायच्या भाजीत विष मला मान्य नव्हतं. तसं मी सांगितलं. आवाज चढलाच.

रोगट झाडांच्या बुडाशी टाकायला कोपऱ्यातली चार टोपल्या माती काढली. पण हे किडे ओलीतच सरकतात आणि मोटेच्या पाण्याची तुळशीरामची पाळी आठ दिवसांनी होती. "तोवर ही माती बियाण्यासारखी जपा," असं मी त्याच्या बायकोला, अंजनाबाईंना, बजावलं आणि दौऱ्यावर गेलो.

बाराव्या दिवशी परतलो. माती टाकून, पाणी देऊन झालं होतं. वांगी तरीही माना टाकत होती. खणलं, तर हुमण्या जिवंत, आणखी लठ्ठ. डब्यात मरतात, मळ्यात मरत नाहीत! साहेबांचं खरं की काय?

"माती कशी ठेवली होती?" मी विचारलं.

"कशी मंजे? तीन दिवस उन्हात खडखडीत वाळवली, राख लावली, मडक्यात भरून तोंड शेणानं लिपलं. मुगाचं बी अशीच ठेवतो आमी."

"राख कशाला?"

"कीड लागू नये म्हून!"

तुळशीराम हसत सुटला. "घ्या भाऊ! किडे सांभाळाले देल्ले, अन् हिनं किडेच मारले."

"यायनंच तं सांगतलं बियाण्यावानी," अंजनाबाई उसळल्या. "आता मले काहून हसून राह्यले?"

त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. त्याच संध्याकाळी शेजाऱ्याची पाळी मागून घेतली. ताजी माती ओल्या गोणपाटात वाहून प्रत्येक झाडाच्या बुडाशी टाकली.

पंधराव्या दिवशी साहेब आले. दहा हुमण्या सापडल्या. चार मेलेल्या, सहा जिवंत.

"याला यश म्हणायचं का?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही, सर."

साहेबांनी सोमल थांबवला. बरीचशी वांगी वाचली, बाजारात गेली. पण तोवर थंडी पडली होती आणि थंडीत हुमणी आपोआप खोल जाते. वांगी किड्यांनी वाचवली की थंडीनं, हे मला अजून सांगता येत नाही.

पुढं मी खात्याचं पत्रक लिहिलं. माती सावलीत, ओल्या गोणपाटाखाली ठेवावी, वाळवू नये, राख लावू नये. साहेबांनी शेवटचे तीन शब्द खोडले. "मातीला राख कोण लावेल?"

मी ते पुन्हा लिहिले.