बोटभर खालचा थर

भोकरदनला जाणाऱ्या बसमध्ये मी खिडकीतून रुमाल टाकून धरलेल्या जागेवर एक अनोळखी माणूस येऊन बसला होता. मी भांडलो. तो हसून सरकला आणि खिशातून फिकट दगडाचा तुकडा काढून जिभेने चाटू लागला.

"काय खाऊन राह्यले, साहेब?" मी टोमणा मारला.

"ओला केला की थर दिसतात. मी दूर तेलविहिरींवर कामाला असतो, तिथं सगळेच चाटतात," तो म्हणाला. तो वाळूचा दगड जमिनीच्या फार खालून काढलेला होता. त्याने त्यावर बाटलीतलं पाणी थेंब थेंब टाकलं. एका थरात पाणी लगेच जिरलं. बोटभर खालच्या थरावर थेंब तसाच उभा राहिला.

"मंग त्या थरात तेल न्हाईच म्हणा."

"असतं की, भाऊ. बारीक वाळू, वाटा अरुंद, म्हणून जल्दी सोडत न्हाई. घाईचा माणूस म्हणतो, काहीच न्हाई."

तो केदारखेड्याला उतरला. नाव विचारायचं राहिलंच.

मला दादा आठवला. मी एकट्याच्या हिमतीवर दुकान उभं केलं, पण उद्घाटनाला आलेला हा माझा थोरला भाऊ 'बरं झालं' एवढंही बोलला नव्हता. तेव्हापासून मी भोकरदनला मालासाठी येतो, त्याच्या दारावरून जातो, पण आत जात नाही.

त्या दिवशी गेलो. दादाने चहा सांगितला, पोरांची चौकशी केली. दुकानाचा विषय काढला नाही. एरवी मी तोंडावर बोलून उठलो असतो. परतीची बस गेली, तरी त्याच्यासमोर बसून राहिलो.