मामांनी सदरा वर केला

सकाळी आठला हॉस्पिटलमधून माझ्या नवऱ्याचा फोन आला. "तुझे मामा गेले गं..." एवढंच बोलता आलं त्यांना. उलव्याच्या आमच्या स्वयंपाकघरात मी मामांसाठीच तांदळाची पेज गाळत होते. चार दिवसांच्या न्यूमोनियात सगळं आटोपलं. आदल्या संध्याकाळी भेटायला गेले, तर तोंडावरचा मास्क बाजूला करून त्यांनी मला विचारलं होतं, "तुझी सासू जेवली का?" दीड महिना होऊन गेला, पण त्या प्रश्नाचं उत्तर मी घाईत काय दिलं, ते काही केल्या आठवत नाही.

मामा म्हणजे माझे सासरे. मूळचे साताऱ्याकडचे. वाशीच्या धान्य बाजारात तीस वर्षं माथाडी कामगार होते, पाठीवर पोती वाहिली. मी लग्न होऊन आले तेव्हा घरात त्यांचा दरारा होता, आणि मला वाटायचं, माणूस भारीच देवभक्त आहे! गावच्या जत्रेला निघायचं, कुणाच्या लग्नाला जायचं, की आदल्या दिवसापासून मामांचा उपास सुरू. कुठला उपास, ते कधीच सांगायचे नाहीत. खरं कारण फार उशिरा कळलं. पोटात कळ आली की त्यांना थांबता यायचं नाही, दिवसातून आठ-आठ वेळा संडासला जावं लागायचं, म्हणून प्रवासाआधी ते काही खायचेच नाहीत. बरोबरच्या माणसांना सांगितलं नाही, बायकोलाही नाही. वजन उतरत गेलं, पँट कमरेवर राहीना, तेव्हा आत्यांनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, जवळजवळ ओढतच दवाखान्यात नेलं. आधी आतड्याचा टीबी समजून औषधं झाली. काही महिने गेले, उतार पडेना. मग दुर्बीण घालून तपासणी, तुकडा काढून तपासणी... आणि नाव कळलं, क्रोन्स.

डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं. शरीराचं संरक्षण करणारी यंत्रणाच आपल्या आतड्यावर उलटते, तिथे सूज येते, जखमा होतात. "काका, हा आजार जात नाही. झोपतो. त्याला झोपवून ठेवायचं."

"म्हंजे राखण करायची," मामा म्हणाले.

"अगदी बरोबर. आणि बरं वाटायला लागलं म्हणून राखण सोडायची नाही."

पण मामांनी नेमकं तेच केलं. दोन वर्षं छान गेली, अंग भरलं, आणि आम्हाला न सांगता त्यांनी गोळ्या बंद केल्या. "बरं वाटतंय की, उगं कशाला?" त्यानंतर काही महिन्यांनी एका दुपारी पोट दगडासारखं फुगलं, उलट्या थांबेनात. आतडं आक्रसून वाट बंद झाली होती. ऑपरेशन झालं, आणि मामा घरी आले ते पोटावर पिशवी घेऊन. आता संडास त्या पिशवीत व्हायची, कायमची.

आत्यांचे हात थरथरतात. नवरा शिफ्टला. राहिले मी. मामा मला खोलीत पाऊल टाकू देईनात. एकदा पिशवी सुटली, चादर भरली, आणि मी आत गेले तर ते भिंतीकडे तोंड करून बसलेले. मी म्हटलं, "मामा, लहान बाळाचं करतोच की आपण. त्यात काय एवढं?" ही माझी चूक. मामा उसळले, "मी बाळ न्हाय! भाईर हो!" मग दोन दिवस माझ्याशी अबोला. मी स्वयंपाकघरात रडले. त्यांच्यावर रागही आला, खोटं कशाला बोलू! पण मग विचार केला, ज्यानं जन्मभर दुसऱ्याचं ओझं उचललं, त्याला आपलं ओझं सुनेनं उचललेलं कसं पटणार? तिसऱ्या दिवशी मी दाराबाहेरूनच म्हणाले, "मामा, करायचं तुम्हीच. मला फक्त आरसा धरू द्या. तुम्हाला खालचं दिसत नाही."

आतून आवाज आला, "ये."

मी मान वळवून आरसा धरला. पिशवी पोटाला चिकटवायच्या चकतीला भोक किती मोठं कापायचं, कातडी कोरडी कशी करायची, हे त्यांनी तीन-चार वेळा चुकत शिकून घेतलं. आठवडाभरानं म्हणाले, "मान वळवून आरसा हलतोय तुझा. नीट बघून धर." त्या दिवसापासून आमच्यात लाज उरली नाही. गोळ्या मग त्यांनी एकदाही चुकवल्या नाहीत. खाण्याचं तंत्रही स्वतःच बसवलं. एका वेळी एकच नवा पदार्थ, दोन दिवस वाट बघायची. भोपळा पास, मटकी नापास. बाजरीची भाकरी नापास झाली तेव्हा मात्र दिवसभर गप्प होते.

एकदा तपासणीला गेलो, तर वॉर्डात एक शिक्षिका होत्या, गोखलेबाई. तसंच ऑपरेशन झालेलं, चार दिवस कुणाशी बोलत नव्हत्या. नर्सनं मामांना नुसतं विचारलं, "काका, बोलता का?" मामा पलंगाशी गेले आणि सदरा वर केला. बाई बघतच राहिल्या. "आठ महिने झालं," मामा म्हणाले. "काल लग्नात जेवून आलो. तुमी पन जेवाल." बाई ओक्साबोक्शी रडल्या, मग त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "वास येतो का हो?" पुढे त्यांचे फोन येत राहिले. मामा गॅलरीत जाऊन मोठमोठ्यानं सल्ले द्यायचे, सगळ्या सोसायटीला भोपळ्याचे गुण पाठ झाले.

मामांच्या तेराव्याला गोखलेबाई आल्या. सीवूड्सहून एकट्या, रिक्षानं. घर माणसांनी गच्च, गावाकडची मंडळी, पंगत बसलेली. बाई जेवल्या, भात मागून घेतला. मग पान बाजूला सारून उठल्या आणि सगळ्यांसमोर, आवाज जराही न उतरवता मला विचारलं, "वैशाली, बाथरूम कुठं आहे? मला पिशवी रिकामी करायचीय."

आत्या हातातली परात खाली ठेवून उठल्या, बाईंचा हात धरला आणि म्हणाल्या, "चला, यांच्या खोलीतलं दाखवते. तिथं सगळं सामान हाय."