पैकीच्या पैकी आशा

माझ्या थोरल्या बहिणीचं काम पोरांची आशा मोजण्याचं. हसू नका, असतं असंही काम. एक संस्था तिला पगार देते आणि ताई शाळाशाळांतून वयात आलेल्या मुलांना बाकावर बसवून विचारते: अडचण आली तर तुला वाट सापडते का? तुझ्यावर कुणाचा जीव आहे का? उत्तरं 'कधीच नाही'पासून 'नेहमी'पर्यंत. मग बेरीज. ती कमी भरली की त्या पोराला समुपदेशकाकडे धाडायचं.

कामात ताई वाघीण. मास्तर वर्गात रेंगाळले तर गोड बोलून बाहेर काढायची, कारण मोठ्यांच्या देखत पोरं खरं सांगत नाहीत. एवढं कळत होतं बाईला. पण घरात काय दिवे लावले?

या कामात एक रीत असते. नवे प्रश्न शाळेत नेण्याआधी कुणावर तरी चालवून बघायचे. ताईच्या घरात लेक होती आयती. कुकर लावता लावता ताई विचारायची आणि पोरगी पटापट उत्तरं द्यायची. कुठल्या उत्तराने बेरीज चढते, ते तिला पाढ्यांसारखं पाठ झालेलं. त्यात काही प्रश्न मुद्दाम उलटे घातलेले असतात, म्हणजे तिथे 'कधीच नाही' म्हटलं की बेरीज चढते, न वाचता खुणा करणारी पोरं सापडावीत म्हणून. तेही तिला ठाऊक.

एकदा 'तुझ्यावर कुणाचा जीव आहे का' याला पोरगी म्हणाली, कधीच नाही. मी तिथेच भाजी निवडत होते. माझा हात थांबला. ताईने मानसुद्धा वर केली नाही. "नीट ऐक गं," म्हणाली, "हा उलटा प्रश्न नाहीये."

पोरीने मुकाट्याने उत्तर बदललं.

ती आत गेल्यावर मी म्हटलं, ताई, पोर सुकत चाललीय, कुणाशी धड बोलत नाही. तर माझ्यावरच उखडली. तिला पैकीच्या पैकी आहेत, तुला काय कळतं त्यातलं, म्हणाली. हातच्या कांकणाला आरसा कशाला म्हणतात. आमच्या ताईला आरसाच लागायचा.

गेल्या महिन्यात पोरीने घरातल्या सगळ्या गोळ्या घेतल्या. शेजारीण सहज डोकावली म्हणून वाचली.

जरा सावरल्यावर हॉस्पिटलातली समुपदेशक कागद घेऊन आली. ताईचेच प्रश्न. पोरीने उशीला टेकून भराभर खुणा केल्या. बेरीज करताना त्या बाईचा चेहरा खुलला. छान आहे की, डॉक्टरांना विचारून उद्या घरी न्या, म्हणाली.

ताई गप्प बसली असती तर कुणाला काही कळलं नसतं.

"थांबा," ती म्हणाली. "तिला उत्तरं पाठ आहेत. मीच पाठ करून घेतलीत."

समुपदेशक तशीच डॉक्टरांकडे गेली. घरी जाणं लांबलं. पोरगी आईकडे बघत राहिली. मला वाटलं, आता भांडते. भांडली असती तर बरं झालं असतं.

"मग आता तू विचार," ती म्हणाली. "कागदाशिवाय."

जन्मभर प्रश्न विचारून पोट भरलेली माझी बहीण. तिने चादर सारखी केली. पेल्यात पाणी ओतलं, परत तांब्यात ओतलं. मला तर तिची कीवही येत होती आणि दोन थोबाडीत द्याव्यात असंही वाटत होतं.

शेवटी म्हणाली, "थंडी वाजतेय का गं?"

पोरीने भिंतीकडे तोंड केलं.

"नेहमी," ती म्हणाली.