मालनच्या वहीतली कृती

मालन गेल्याचं सांगायला तिचा भाऊ दशरथ कामथडीहून एसटीनं आला, तेव्हा मी भोरच्या शाळेत नववीच्या वर्गाला बेडकाचं हृदय शिकवत होते. तो दारातच थांबला. "बाई, ताई गेली... सकाळी. कावीळ उतरलीच न्हाई." चौतीस वर्षांची होती. त्याला आता तीन महिने होतील. माझं रडून झालं आहे. हे मी रागानं लिहिते आहे, आणि एका माणसानं ते वाचावं अशी माझी इच्छा आहे. त्यांचं नाव घालत नाही. ते मालनच्या संशोधनाचे मार्गदर्शक, पुण्यात मोठ्या मानाचे. आम्ही त्यांना नुसतं 'सर' म्हणायचो.

वसतिगृहात आम्ही दोघी एका खोलीत राहायचो. एमएस्सीनंतर मी शाळेत लागले, ती सरांकडे गेली. विषय होता मेंढीच्या अंडाशयातल्या पेशींचा. बीजाभोवतीच्या या पेशी भराभर वाढतात, एकीच्या हजारो होतात. पण त्यांना वाढायला सांगतं कोण? पुस्तकातलं उत्तर ठरलेलं होतं, मेंदूखालच्या ग्रंथीतलं संप्रेरक. मालन रविवारी गावी यायची ती थर्मास घेऊनच. नसरापूरच्या बाजारात वेल्ह्याकडच्या मेंढ्या यायच्या, तिथले खाटीक रहीमचाचा तिच्यासाठी अंडाशय बाजूला ठेवायचे. "लोकं कलेजी मागत्यात, आन् तुमी ह्ये सुपारीएवढं काय नेता?" "चाचा, सगळी मेंढरं ह्यातनंच येत्यात न्हवं?" ती हसून म्हणायची.

संप्रेरकाची जुनी बाटली संपत आली आणि नवी, अधिक शुद्ध बाटली आली. नव्या बाटलीनं काचेच्या बशीतल्या पेशी वाढेनात. सर म्हणाले, "तुझे हात स्वच्छ नाहीत. ही सवय लहानपणापासून घरात लागावी लागते." कुठल्या घराविषयी बोलले ते तिला कळलं, तिनं सांगितल्यावर मलाही कळलं. तोच प्रयोग तिनं अकरा वेळा केला. शेवटी नव्या बाटलीतल्या संप्रेरकात जुन्याचे चार थेंब घातले, आणि पेशी पुन्हा वाढायला लागल्या. म्हणजे त्यांना वाढवणारं ते संप्रेरक नव्हतंच. जुन्या बाटलीत मळासारखं राहून गेलेलं दुसरंच काहीतरी होतं, वाढीचा एक निराळा घटक... ती धावत पोस्टात गेली आणि मला तार केली : "मळच खरा निघाला."

सरांनी तिचे तक्ते "तपासायला" म्हणून ठेवून घेतले. वर्षभरात ते त्यांच्या एकट्याच्या नावानं छापून आले. ती विचारायला गेली तर म्हणाले, "तू मदतनीस होतीस." पुढल्या महिन्यात विभागातून तिचं नावच काढलं. ती कामथडीला परतली आणि शिकवण्या घ्यायला लागली.

पण सरांना एक गोष्ट ठाऊक नव्हती. पेशींना पोसायला सगळे गोठलेल्या रक्तावरचं पाणी वापरतात. मालन रक्त गोठूच द्यायची नाही, तसंच थंड ठेवून वरचं पिवळं पाणी काढून घ्यायची. रक्त गोठताना त्यातच पेशी वाढवणारं काही सुटतं. ते घातलं की सगळ्याच बश्यांतल्या पेशी वाढतात, जुन्या-नव्या बाटलीतला फरक दिसत नाही. ही कृती तिच्या मराठी वहीत होती. ती वही त्यांनी कधी मागितली नाही.

त्यांचा प्रयोग कुणालाच जमेना. परदेशातून शंकेची पत्रं आली. मग एके दुपारी सरांची मोटार कामथडीत तिच्या दारात उभी राहिली. मी तिथंच होते. मालननं त्यांना चहा दिला. "तू नेमकं काय घालायचीस?" त्यांनी विचारलं.

"सर, मी मदतनीस. मला काय ठाऊक?"

ते पुन्हा पुन्हा विचारत राहिले. तिनं तेवढंच उत्तर पाच वेळा दिलं. मोटार गेल्यावर ती किती हसली... आणि मग सरांची कपबशी विसळायला बसली. "विद्या अडवून ठेवली गं मी," म्हणाली. मला मात्र आजही वाटतं, तिनं अगदी योग्य केलं.

ती गेल्यावर पंधराव्या दिवशी सरांचं मला पत्र आलं. दोन ओळी दुःखाच्या, तिसरी अशी : "तिची वही विभागाची मालमत्ता आहे, पाठवून द्यावी." वही तिच्या आईंनी माझ्याकडे दिली होती. मी पाठवली. त्यांना नव्हे; दुसऱ्या शहरातल्या एका प्रयोगशाळेला, प्रत्येक पानाची तारखेनिशी नक्कल, वर मालनचं पूर्ण नाव. गेल्या आठवड्यात उत्तर आलं. तिच्या कृतीनं पेशी वाढल्या, फरक स्पष्ट दिसला, आणि ते तिच्या नावानं छापणार आहेत. त्या पत्राची एक नक्कल मी सरांना धाडली. सोबत एक शब्दही लिहिला नाही.

मूळ पत्र घेऊन कामथडीला गेले. मालनच्या आईला वाचता येत नाही. "तिचं नाव कुठं हाय?" त्यांनी विचारलं. मी बोट ठेवलं.

"आन् त्या सायबाचं?"

"न्हाई."

"कुठंच न्हाई?"

"कुठंच न्हाई, आई."

त्यांनी पत्र मालनच्या खोलीत नेलं. खिडकीजवळच्या टेबलावर तिचा चष्मा आहे तसाच आहे. आईंनी पत्र उघडून दाराकडं तोंड करून ठेवलं, उडू नये म्हणून त्यावर चष्मा ठेवला आणि पदरानं टेबल पुसलं.

"पुन्यांदा आला तर त्येला हितंच बशिवते," त्या म्हणाल्या. "म्हनते, वाचून दाखवा."